पेग नळी बसवूनही न्यूमोनिया थांबत नाही. शस्त्रक्रियेचा उपयोग होईल का?

प्रश्न
वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन १४ महिने झाले. चमचाभर पाणीही श्वासनलिकेत जाते, म्हणून थेट जठरात अन्न देणारी पेग नळी पोटात बसवली; तरीही त्यानंतर दोनदा न्यूमोनिया झाला. तोंडाने काहीच देत नसताना असे का व्हावे? स्वरयंत्र काढण्याखेरीज दुसरा मार्ग आहे का? त्यांना फारसे बोलता येत नाही, पण आईला ते अजून नावाने हाक मारतात.

उत्तर १
नळीने पोषणाची सोय होते, लाळेची होत नाही. लाळ दिवसभर पाझरत असते, आणि घशाची संवेदना गेली असेल तर ती ठसका न लागताच फुप्फुसात उतरते. जठरातले अन्नही उलट वर येऊ शकते. म्हणून आधी व्हिडिओफ्लुरोस्कोपी (गिळतानाचे क्ष-किरण चलचित्र) किंवा नाकातून दुर्बिणीने तपासणी करून गिळण्याची क्रिया नेमकी कुठे अडते ते पाहावे. मुखस्वच्छतेकडेही रोज काटेकोर लक्ष द्यावे.

उत्तर २
मी कान-नाक-घसा शल्यचिकित्सक आहे. एका बाजूचा स्वरतंतू लुळा असेल तर तो मध्याकडे सरकवता येतो, म्हणजे गिळताना श्वासमार्ग अधिक नीट मिटतो. अन्ननलिकेच्या तोंडाचा स्नायू सैल होत नसेल तर तो छेदता येतो, मात्र घशात अन्न पुढे ढकलण्याचा जोरच उरला नसेल तर त्याचा फायदा थोडाच होतो. या दोन्हींत आवाज राहतो. गळ्यातून श्वासनलिकेत फुग्याची ट्रॅकिओस्टोमी नळी (श्वासासाठीची नळी) घातली की लाळ पूर्ण अडते, हा समज मात्र चुकीचा आहे.

हे उपाय पुरेसे नसतील तर श्वासनलिका स्वरयंत्रापासून वेगळी करतात: खालचे टोक गळ्यावर उघडतात आणि वरचे बंद करतात किंवा अन्ननलिकेला जोडतात. लाळेला फुप्फुसाची वाटच उरत नाही, पण आवाज जातो. स्वरयंत्र जागेवर राहत असल्याने निवडक रुग्णांत हे पूर्ववत करता येते. स्वरयंत्र काढल्यावर ती शक्यता संपते.

उत्तर ३
माझ्या आईची ही विभाजनाची शस्त्रक्रिया झाली आहे. पूर्वी रात्रभर लाळ ओढून काढणारे सक्शन यंत्र उशाशी चालू असे. आता आम्ही दोघी झोपतो. तिला वास येत नाही आणि अंघोळीच्या वेळी गळ्याच्या छिद्रात पाणी जाऊ नये म्हणून फार जपावे लागते. आवाज जाणार हे डॉक्टरांनी तिलाच समजावले. तिने पाटीवर थरथरत्या हाताने ‘करा’ असे लिहिले. तुमच्या वडिलांना समजत असेल, तर त्या हाकेचे काय करायचे हे त्यांनाच विचारा, आणि त्या वेळी आईला जवळ बसवा.