मदत हवी आहे: बीपी मशीनमधले चार्जिंगचे सेल आठवडाभरही टिकत नाहीत

नमस्कार मंडळी,

इंदूरहून, सुदामानगरमधून लिहितेय. आई ७८ वर्षांची आहे. डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा बीपी घेऊन वहीत लिहायला सांगितलंय. मशीनला चार पेन्सिल सेल लागतात. दर दोन-तीन महिन्यांनी चार सेल कचऱ्यात टाकायचं जिवावर यायचं, म्हणून दिवाळीत महाराणी रोडवरून चार्जिंगचे सेल आणि चार्जर आणला. सेलवर १.२ व्होल्ट, २००० एमएएच, निकेल मेटल हायड्राइड असं छापलंय. चार्जर साधाच आहे. लाल दिवा लागतो तो सेल काढेपर्यंत विझत नाही. मागे १५० एमए लिहिलंय.

सेल उतरले की मी ते चार सेलच्या जुन्या टॉर्चमध्ये घालते आणि उजेड पार जाईपर्यंत टॉर्च चालू ठेवते. अर्धवट उतरलेला सेल चार्ज केला तर तो तेवढाच भरायची सवय लावून घेतो, असं बाबा सांगायचे. मग रात्री दहाला चार्जरला लावते, सकाळी सहाला काढते. जास्त वेळ ठेवले तर फुगतील अशी भीती वाटते.

मागच्या आठवड्यात रात्री आईला घेरी आली आणि मशीन सुरूच होईना. शेजारच्या वहिनींनी मुलाच्या खेळण्यातले चार सेल काढून दिले, तेव्हा कुठे बीपी घेता आलं. असं पुन्हा व्हायला नको. माझं काय चुकतंय?

प्रतिसाद

ताई, आधी मशीनची पुस्तिका बघा. काही मशीनना चार्जिंगचे सेल चालत नाहीत. चार अल्कलाइन सेलचे (म्हणजे एकदा वापरून टाकायच्या) ६ व्होल्ट होतात, तुमच्या चारांचे ४.८. पंप हवा भरू लागला की तेही खाली येतात आणि सेलमध्ये जीव असूनही मशीन थांबतं.

आता चार्जिंगचा हिशेब. सेलमध्ये मावते २००० एमएएच, चार्जर तासाला भरतो १५०. २००० भागिले १५० म्हणजे साधारण सव्वातेरा तास. त्यातही थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून रिकामा सेल भरायला या चार्जरवर सोळा ते अठरा तास धरा. तुम्ही आठ तासांत काढता, म्हणजे सेल जेमतेम निम्मे भरतात. इतक्या संथ चार्जिंगला तास-दोन तास जास्त झाले तरी बिघडत नाही, फक्त दोन-दोन दिवस विसरू नका.

टॉर्चचा प्रकार मात्र आजच बंद करा. बाबा म्हणायचे ते जुन्या निकेल कॅडमियम सेलबद्दल होतं. तुमच्या सेलना त्याची गरज नाही, उलट नुकसान होतं. चार सेल एका रांगेत असले की त्यातला एक आधी संपतो आणि उरलेले तीन त्याला उलटा चार्ज करतात. असं दोन-चारदा झालं की तो सेल कामातून जातो.

व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर असेल तर पूर्ण चार्ज करून, रात्रभर बाजूला ठेवून एकेक सेल मोजा.

धागाकर्ती

मनापासून आभार. भावाकडून मल्टिमीटर आणला आणि सतरा तास चार्ज करून सकाळी मोजलं. तीन सेल १.३४ ते १.३६ व्होल्ट, चौथा १.१२.

प्रतिसाद

मी इंदूरच्याच रामबागेतला. तो चौथा बाद झालाय, काढून टाका, पण त्याच्या जागी एकटा नवा सेल घालू नका. चारही एकाच वेळी घेतलेले आणि एकत्रच चार्ज केलेले असावेत. नवे घेताना आधीच चार्ज केलेले, कमी उतरणारे घ्या. सान्योने २००५ मध्ये एनलूप आणले, ते या जातीचे. चार्जिंगचे साधे सेल नुसते पडून राहिले तरी महिन्याभरात वीस-तीस टक्के उतरतात, हे वर्षभरानंतरही बरेचसे भरलेले असतात. चार्जर मात्र प्रत्येक सेलला वेगळा दिवा असलेला, भरल्यावर आपोआप थांबणारा हवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा दुपारी चार्ज करू नका, संध्याकाळी लावा.

बाद सेल कचरागाडीच्या घातक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात द्या, ओल्या-सुक्यात नको.

धागाकर्ती

पुस्तिका सापडली. त्यात फक्त अल्कलाइन लिहिलंय, आणि बाजूला अडॅप्टरची जागाही आहे, जी मी कधी बघितलीच नव्हती. त्याच कंपनीचा अडॅप्टर मागवलाय. अल्कलाइनचं एक न फोडलेलं पाकीट आईच्या औषधांच्या डब्यात ठेवलं. चार्जिंगचे तीन चांगले सेल रिमोटला आणि नातवाच्या गाडीला. आज संध्याकाळचं बीपी १३४/८२ आलं, वहीत लिहिलं.