टू-व्हील ड्राईव्ह पिकअप आणि डॉनर समिटचा बर्फ: जमेल का?

नवा_पिकअपवाला

मंडळी सल्ला हवाय. राहतो सॅक्रामेंटोला, नोव्हेंबरपासून प्रोजेक्ट रिनोला, म्हणजे सोमवारी पहाटे जायचं आणि गुरुवारी रात्री परत, आय-८० हायवेवरून एका बाजूचे साधारण १३० मैल आणि मध्ये डॉनर समिट, म्हणजे सिएरा डोंगरातला बर्फाळ घाटमाथा. गाडी सेकंडहँड टॅकोमा पिकअप, टू-व्हील ड्राईव्ह, घर हलवताना सामानाला बरी पडेल म्हणून घेतलेली. आता ऑफिसात जो तो सांगतोय विकून टाक, फोर-बाय-फोर घे, आणि बायकोही त्यांनाच सामील. बजेट नाहीये हो लगेच. वरंध घाटात भर पावसात, धुक्यात गाडी मारलीय त्यामुळे घाटाची भीती नाही, पण बर्फावर आजवर फक्त पायी चाललोय आणि त्यातही दोनदा आपटलोय. हौद्यात वाळूची पोती टाक असं एकजण म्हणाला, ते खरं का? चेन्स, म्हणजे टायरवर चढवायच्या त्या साखळ्या, लागतातच का? कोणी अशी गाडी घेऊन जातं का तिकडून की मीच वेडा?

ट्रकीकर

वेडे नाही, आम्ही जातो. डॉनरजवळच्या ट्रकी गावात अकरा हिवाळे काढले, त्यातले सहा रिअर-व्हील पिकअपवर.

आधी दुखणं कुठे आहे ते समजून घ्या. इंजिन पुढे, ड्रायव्हर पुढे, आणि ढकलायचं काम मागच्या चाकांचं, ज्यांच्यावर रिकामा हौदा. आपला छोटा हत्ती रिकामा असला की खड्ड्यात मागून कसा उड्या मारतो, तेच इथे बर्फावर होतं, फक्त उडी न मारता शेपूट फिरतं. म्हणून वाळू. इथे हार्डवेअरच्या दुकानात ६० पाउंडाच्या लांबट पिशव्या मिळतात, तसल्या चार घ्या आणि बरोब्बर मागच्या एक्सलच्या वर ठेवा. काढायला सोपं म्हणून लोक फाळक्याला टेकवून ठेवतात ते चूक, वजन एक्सलच्या मागे गेलं की पुढची बाजू उचलली जाते आणि स्टेअरिंग हलकं पडतं. आणि पट्ट्याने आवळून बांधा, जोरात ब्रेक लागला तर २४० पाउंड वाळू सुटी असलेली कोणालाच नकोय. अडकलात तर त्यातलीच एक पिशवी फोडून चाकाखाली टाकता येते हा वरचा फायदा.

पण वाळूपेक्षा मोठी गोष्ट टायर, आणि इथे मी स्वतः माती खाल्लीय. पहिल्या वर्षी पैसे वाचवायला स्नो टायर फक्त मागे टाकले, पुढे जुनेच. चढताना काय मस्त चढली म्हणून सांगू, मी खूश. समिट ओलांडून डॉनर लेकच्या बाजूला उतरायला लागलो, एक डावं वळण आलं, मी स्टेअरिंग वळवलं आणि गाडी सरळच. चाकं वळलेली, गाडी मात्र नाकासमोर, इतकी शांतपणे की रेडिओवरचं गाणंसुद्धा नीट ऐकू येत होतं, आणि मग बर्फ हटवणाऱ्या गाडीच्या नांगराने कडेला लोटलेल्या बर्फाच्या ढिगात धप्पकन. नशीब ढीग होता. तर टायर चारही सारखे, तीन शिखरं आणि मध्ये हिमकण असं चिन्ह असलेले. नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं चेन कंट्रोलला, म्हणजे बर्फात चेन्सची सक्ती लागते तिथे, चालतं, पण त्याचं रबर थंडीत कडक पडतं, पकड तशी नाही.

काका_फोर_बाय_फोर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दर आठवड्याला जायचं असेल तर गाडी बदला. महिन्यातून एकदा असतं तर वेगळं. ती घाटमाथ्याची जागा ७,२३९ फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर अजून अठराशे फूट, आणि तिथला बर्फ भुसभुशीत नसतो, ओला आणि जड, इथले लोक त्याला सिएरा सिमेंट म्हणतात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तिथल्या स्नो लॅबने ७५४ इंच मोजलाय. इंच!

ट्रकीकर

काका, ७५४ इंचांत तुमची फोर-बाय-फोरही घरीच होती की. २०२४ च्या मार्चच्या सुरुवातीला वादळ आलं तेव्हा आय-८० सगळ्यांनाच बंद होता. चारही चाकं फिरली की गाडी निघते लवकर, थांबत मात्र लवकर नाही, ब्रेक सगळ्यांना चारच. पहिल्या बर्फाच्या दिवशी कडेला पडलेल्या गाड्या बघा, निम्म्या तुमच्याच जातीच्या.

मीना_रिनो

या दोघांचं दरवर्षीचं आहे, लक्ष देऊ नका 🙂

चेन्सचं मी सांगते कारण मी सात वर्षं हाच रस्ता करतेय. कॅलिफोर्नियात चेनसक्तीच्या तीन पायऱ्या आहेत, आर-१ ते आर-३. आर-१ ला हलक्या गाडीला ड्राईव्हच्या चाकांवर स्नो टायर असले तर चेन न लावता सोडतात, पण चेन्स गाडीत असायलाच हव्यात. हलकी म्हणजे ६,००० पाउंड ग्रॉसच्या (सामानासकट एकूण वजनाच्या) आत, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा, मोठे पिकअप बरेचसे त्याच्या वर जातात. आर-२ लागला की टू-व्हीलवाल्याने चेन चढवायचीच, टायर कितीही भारी असोत. आर-३ ला सगळ्यांनाच, पण तोपर्यंत बहुतेक वेळा रस्ताच बंद करतात. तुमच्या चेन्स मागच्या चाकांवर हां! माझ्या ऑफिसातल्या एकाने आधीच्या फ्रंट-व्हील कारच्या सवयीने पुढे चढवल्या आणि अर्धा तास जागेवरच मागची चाकं फिरवत बसला.

आणि कृपा करून पहिल्यांदा चेन्स घरी चढवून बघा. तिकडे रात्री, वारा, बाजूने ट्रक चिखल उडवत जाताहेत, बोटं बधीर, हुक कुठे अडकतो ते दिसत नाही. डोक्याला लावायचा दिवा, रबरी हातमोजे (लोकरीचे दोन मिनिटांत भिजतात) आणि गुडघ्याखाली टाकायला जुनी योगा मॅट. थोडं अंतर गेलात की थांबून परत आवळायच्या, नाहीतर सैल झालेलं टोक चाकाच्या वरचा पत्रा बडवत बसतं. चेनवर वेग २५-३० मैलच. तिथे पैसे घेऊन चढवून देणारे परवानाधारक लोकही उभे असतात, नंबराचा बिल्ला बघून घ्या, लाज वाटायची काही गरज नाही.

अजून एक, रस्ता बंद होऊन तासन् तास अडकायला होतं. ब्लँकेट, पाणी, फावडं, टाकी अर्ध्याखाली नको. हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं तर अधूनमधून उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे ना बघायचं, बर्फाने बुजलं तर धूर आत येतो आणि तो विषारी धूर नाकाला कळत नाही.

ट्रकीकर

मीनाताईंचं शंभर टक्के. चालवण्याचं थोडक्यात: क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप धरून ठेवणारं) बंद. वरंधमध्ये खालच्या गियरवर उतरतो तसंच इथेही, पण गियर एकदम पाडू नका, मागची चाकं अडखळतात आणि शेपूट पुढे यायला बघतं. शेपूट डावीकडे पळालं तर स्टेअरिंगही डावीकडे, ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेकला हात म्हणजे पाय लावू नका. चढणीवर शक्यतो थांबू नका, पुढच्याला लांब जाऊ द्या आणि मग एका लयीत चढा. रुतलात तर ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरून फिरू न देणारी यंत्रणा) बंद करून बघा, नाहीतर ते इंजिनचा दम काढून घेतं आणि गाडी नुसती कण्हत बसते. पूल आणि डोंगराच्या सावलीतली वळणं, तिथे रस्ता नुसता ओला वाटतो आणि असतो काचेसारखा.

आणि पहाटे निघूच नका हो. सोमवारी वादळ असेल तर रविवारी दुपारी निघा, नाहीतर मॅनेजरला फोन करा. रिनोच्या ऑफिसात हे कारण सगळ्यांना माहीत असतं.

नवा_पिकअपवाला

सगळ्यांचे आभार, काकांचेही. स्टिकर वाचलं, ६,००० च्या आत आहे. चारही टायर ऑर्डर केले, बायकोला तीन शिखरांचं चिन्ह दाखवलं, ती म्हणाली आधी मॅनेजरशी बोल. बोललो, वादळाच्या आठवड्यात घरून काम चालेल म्हणाला, हे आधीच विचारलं असतं तर!

आज ड्राईव्हवेत चेन्स चढवल्या. पहिल्यांदा ४० मिनिटं, त्यातली वीस उलट्या बाजूने चढवण्यात. दुसऱ्यांदा १८. बाहेर छान ऊन, ७० डिग्री फॅरनहाइट, टी-शर्टवर गुडघे टेकून बसलेला. समोरचे आजोबा कुत्र्याला घेऊन दोनदा येऊन गेले, तिसऱ्यांदा थांबून म्हणाले काही हरवलंय का.