महाविद्यालयाच्या रस्त्यावर सुवार्ता सांगावी का, आणि सांगायची तर कशी?

प्रश्न: तरुण संघातील विद्यार्थिनी, सातारा

सर्वांना सलाम आणि नमस्कार. मी साताऱ्यात पदव्युत्तर शिक्षण घेत असून आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघात काम करते. पावसाळा संपल्यावर दर शनिवारी दुपारी पोवई नाक्याच्या परिसरात दोघादोघांच्या जोडीने उभे राहावे, विद्यार्थ्यांशी प्रभू येशूविषयी बोलावे आणि ज्याला हवी असेल त्याला बायबलमधील नव्या कराराची प्रत किंवा एखादी पत्रिका द्यावी, असा विचार संघात चालू आहे. काही ज्येष्ठांना हे दिवस रस्त्यावर उतरण्याचे वाटत नाहीत. उलट काही तरुणांचे म्हणणे असे की, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातील, सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करण्याची आज्ञा दिवस बघून पाळायची नसते.

माझी अडचण थोडी वेगळी आहे. ज्यांच्याशी आम्ही बोलणार ती अनोळखी माणसे नाहीत. माझ्या वर्गात हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन, लिंगायत अशी सगळी मुले-मुली आहेत, आणि डबा आम्ही एकत्र खातो. आपली मैत्री याच हेतूने होती, असे त्यांच्यापैकी एकालाही वाटू नये, आणि तरीही जे मला जगण्यापेक्षा मोलाचे वाटते ते मी त्यांच्यापासून लपवून ठेवू नये, अशा दोन्ही गोष्टी मला हव्या आहेत. मागे बाहेरून आलेल्या एका गटाने उभ्या दुचाकींच्या आरशांत पत्रिका खोचून ठेवल्या होत्या. संध्याकाळी त्यातल्या कित्येक पत्रिका रसवंतीच्या बाकांखाली चिखलात पडलेल्या मी पाहिल्या. वचनाच्या ओळीवरच चपलेचा ठसा उमटलेला होता. तसे काही आम्हाला करायचे नाही. बोलणे सुरू कसे करावे, वेगवेगळ्या धर्मांच्या विद्यार्थ्यांशी बोलताना काय जपावे, आणि कायद्याने आम्हाला कुठपर्यंत मोकळीक आहे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: निवृत्त पाळक, सातारा जिल्हा

तुमचा प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण ऐकणाऱ्याच्या मनाची काळजी तुम्ही रस्त्यावर जाण्याआधीच करीत आहात. माझ्या मते जरूर जावे. लपूनछपून केलेल्या कामाविषयी लोकांना संशय येतो. भर दुपारी, सर्वांसमक्ष, स्वतःचे नाव आणि आपल्या मंडळीचे नाव सांगून केलेल्या बोलण्याविषयी तो पुष्कळ कमी येतो.

साताऱ्यात राहून हा विचार करताना ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना विसरता येत नाही. 1893 साली रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि तो वाचण्याचा आग्रह केला. पुढे त्यातले येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचताना त्यांचे मन ओढले गेले, आणि बाप्तिस्मा झाला तो 1895 साली. डब्यातली ती भेट काही तासांची होती, पण निर्णयाला दोन वर्षे लागली, आणि त्या काळात वाचणारा, शंका काढणारा आणि स्वतःशी झगडणारा माणूस एकच होता, तो म्हणजे स्वतः टिळक. रस्त्यावर उभे राहणाऱ्याच्या वाट्याला यातला फक्त डब्यातल्या भेटीएवढा भाग येतो, आणि तेवढ्यावर समाधान मानण्याची तयारी असेल तरच त्याने उभे राहावे. भेटलेल्या मुलाने त्याच दुपारी आपल्याबरोबर प्रार्थना म्हटलीच पाहिजे, असा हट्ट धरणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. समोरचा मुलगा संकोचाने ओठ हलवतो, आणि हे लोक वहीत एक आकडा वाढवतात. हे मला सुवार्तेला शोभणारे वाटत नाही.

आयुष्याच्या अखेरीस, 1917 साली, टिळकांनी याच साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत, आणि त्यांनी ख्रिस्तभक्ती गायिली ती अभंगांत आणि कीर्तनांत. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, रस्त्यावर बोलताना आपल्या उपासनेतली भाषा तशीच्या तशी वापरू नका. ‘तारण’, ‘पापक्षालन’, ‘रक्ताने विकत घेतलेले’ हे शब्द आपल्याला लहानपणापासूनचे असले, तरी वर्गातल्या मित्राला ते परके आहेत. येशूने सांगितलेली एखादी गोष्ट, उदाहरणार्थ घर सोडून गेलेल्या आणि सगळे उधळून बापाकडे परतलेल्या उधळ्या मुलाची, साध्या मराठीत सांगा आणि त्याला काय वाटते ते विचारा. घरातून भांडून पुण्याला गेलेला भाऊ ज्याला आहे, त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

दुसरी गोष्ट कुटुंबाची. टिळकांच्या बाप्तिस्म्याने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर जे दुःख कोसळले, ते त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. ख्रिस्ती होण्याचा लक्ष्मीबाईंचा स्वतःचा निर्णय झाला तो काही वर्षांनी आणि त्यांच्या स्वतःच्या वाटेने. एखादा विद्यार्थी खरोखरच ओढला गेला, तर त्याने आईवडिलांशी खोटे बोलून उपासनेला यावे असे त्याला कधीही सुचवू नका. त्याला थांबायला सांगा, वाचायला सांगा, आणि घरी बोलण्याचे धैर्य येईपर्यंत त्याच्याबरोबर राहा.

अकरावी-बारावीची मुले त्याच आवारात शिकत असतात आणि बहुतेक अठरा वर्षांखालची असतात. त्यांना पत्रिका देऊ नका, फोन क्रमांक मागू नका. गप्पा मारायला स्वतःहून आली, तर हसून चार शब्द बोला आणि घरी पाठवा. फी, वसतिगृह, नोकरी, औषधोपचार यांचा शब्दही या बोलण्यात येऊ नये. गरजू मुलाला मदत करायची असेल तर जरूर करा, पण जो सुवार्ता सांगतो त्याच्याच हातून, त्याच वेळी ती होऊ नये; नाहीतर मुलाला नाही म्हणणे जड जाते.

एक प्रसंग सांगतो. एका अभियांत्रिकीच्या मुलाने मला सरळ विचारले, “काका, माझी आजी रोज ज्ञानेश्वरी वाचायची. ती गेली. तुमच्या मते ती नरकात आहे का?” आजूबाजूला त्याचे चार मित्र उभे होते. मी त्याला म्हटले की, तुझ्या आजीचा न्याय करण्याचा अधिकार देवाने मला दिलेला नाही. ज्या देवाला मी ओळखतो तो तुझ्या-माझ्यापेक्षा अधिक न्यायी आणि अधिक दयाळू आहे, आणि येशूमध्ये मला जे मिळाले ते मी तुला सांगू शकतो. मग मी त्याला आजीविषयी विचारले. तो बराच वेळ बोलला. हा प्रश्न तुम्हालाही हमखास येणार आहे. त्याचे उत्तर गटाने आधी प्रार्थनेने आणि अभ्यासाने ठरवून ठेवावे. ऐन वेळी गुळमुळीत बोलणे आणि ऐन वेळी कठोर बोलणे, दोन्ही वाईट.

उत्तर: वकील, सदर बझार

मी ख्रिस्ती नाही. प्रश्नातील कायद्याच्या भागापुरतेच लिहितो.

संविधानाच्या अनुच्छेद 25 ने प्रत्येक व्यक्तीला सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. मात्र तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे. 1977 साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, प्रसाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे मांडून ती पोहोचवण्याचा हक्क. दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही. त्या खटल्यात ओडिशाचा 1967 चा आणि मध्य प्रदेशाचा 1968 चा कायदा न्यायालयापुढे होता आणि बळजबरी, फसवणूक व प्रलोभन यांना मनाई करणारे हे दोन्ही कायदे वैध ठरले. राज्यांचे कायदे या विषयात वेळोवेळी बदलत आले आहेत, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी सध्याची तरतूद वकिलाकडून लेखी समजून घ्यावी.

व्यवहारात तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जमावबंदीचे आदेश अधूनमधून निघतात. त्या काळात गटाने उभे राहू नये. ध्वनिवर्धक लावायचा नाही, आणि वाहतुकीला किंवा दुकानाच्या दाराला अडथळा करायचा नाही. तिसरी गोष्ट बोलण्याची आहे. जाणूनबुजून धार्मिक भावना दुखावणारे बोलणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 आणि 302 खाली गुन्हा ठरू शकते, त्यामुळे दुसऱ्याच्या देवतेविषयी, प्रेषिताविषयी किंवा ग्रंथाविषयी छापील पत्रिकेतही वावगा शब्द नसावा. पत्रिका बाहेरून छापून आलेली असेल तर वाटण्यापूर्वी ती ओळीने ओळ वाचा. मुंबईच्या किंवा परदेशातल्या मजकुराची जबाबदारी वाटणाऱ्यावर येते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

महाविद्यालयाच्या आवारात प्राचार्यांच्या परवानगीशिवाय जाऊ नये. आणि प्रार्थनेने आजार हमखास बरा होतो असे सांगणाऱ्या पत्रिका या गावात तर मुळीच वाटू नका. चमत्काराच्या नावाने लोकांना फसवणे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या कक्षेत येते, शिवाय डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. इथल्या मुलांना पुरावा मागायची सवय आहे, आणि ती चांगली सवय आहे.

उत्तर: विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, मुस्लिम कुटुंबातील

ताई, मला अशा लोकांनी दोनदा थांबवले आहे, म्हणून समोरच्या बाजूने लिहिते. पहिल्या वेळी एका बाईंनी माझा स्कार्फ पाहून बोलायला सुरुवात केली आणि मला येशू माहीतच नाहीत असे धरून चालल्या. हजरत ईसा अलैहिस्सलाम आमच्यासाठी पैगंबर आहेत, त्यांच्यावर उतरलेल्या इंजील या ग्रंथावर आमचा विश्वास आहे, आणि कुराणातील एकोणिसावी सूरह मरियमच्या नावाने आहे. त्यांनी मला एक प्रश्न जरी विचारला असता, तरी हे त्यांना कळले असते. त्याऐवजी त्या पाठ केलेले बोलत राहिल्या आणि मी बसचे निमित्त करून निघाले.

दुसऱ्या वेळी एक मुलगी भेटली. तिने आधी विचारले, “पाच मिनिटे आहेत का? नसतील तरी हरकत नाही.” मग आम्ही अर्धा तास बोललो. ईसांना देवाचा पुत्र म्हणणे आणि त्यांचा क्रूसावर मृत्यू झाला असे मानणे मला मान्य नाही, हे मी सांगितले. ती म्हणाली की तिच्या श्रद्धेचा गाभाच तो आहे. तिने तो गाभा माझ्यासाठी पातळ केला नाही आणि मीही माझा केला नाही. मला ते फार आवडले. मी आजही मुसलमानच आहे आणि ती आजही माझी मैत्रीण आहे. एवढेच सांगते की, मी एकटी असताना तुमच्यापैकी मुलीनेच माझ्याशी बोलावे. दोन मुले येऊन उभी राहिली, तर विषय कोणताही असो, रस्त्यावरच्या लोकांच्या नजरा आधी मला झेलाव्या लागतात.

उत्तर: प्राध्यापक, मराठी विभाग

माझे दोन शब्द मैत्रीविषयी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली या गावात सुरू केलेल्या बोर्डिंगमध्ये सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत होती, आणि साताऱ्यातल्या शिक्षणाला ते वळण लाभले आहे. त्या पंगतीत आपापली श्रद्धा सांगायला बंदी नसावी. पण पंगत हीच सांगण्याची जागा झाली, की शेजारचा सावरून बसू लागतो. वर्गमित्रांना आणि रस्त्यावर भेटणाऱ्यांना वेगळे ठेवा, असे मी सुचवेन. वर्गमित्रांना फक्त एवढे सांगून ठेवा की, शनिवारी आम्ही तिथे असतो आणि का असतो. यायचे की नाही, ते त्यांचे त्यांना ठरवू द्या.

बौद्ध विद्यार्थ्यांशी बोलताना आणखी एक लक्षात असू द्या. डॉ. आंबेडकरांनी येवल्याची घोषणा 1935 साली केली आणि दीक्षा 1956 साली घेतली. अनेक धर्मांचा विचार करून, इतका काळ तोलूनमापून झालेला तो निर्णय या मुलांच्या घरात आजही जिवंत आहे. त्यांना ‘अजून धर्म न सापडलेले’ समजून बोलणे हा त्यांच्या आजोबांचा अपमान होईल.

पुन्हा प्रश्नकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. वकील साहेबांच्या सूचनेप्रमाणे आमच्याकडच्या सगळ्या पत्रिका आम्ही संघात बसून वाचू. त्यातल्या दोन आजच बाजूला काढल्या आहेत, कारण त्यांत आजार बरे होण्याचीच भाषा आहे. जोडीतली एक तरी मुलगी असेल आणि मुलींशी तीच बोलेल, हेही ठरवू. पाळक साहेबांना एक विचारायचे राहिले. कोणी नको म्हटल्यावर पुढच्या शनिवारी तोच विद्यार्थी पुन्हा समोरून गेला, तर काय करावे?

उत्तर: निवृत्त पाळक, सातारा जिल्हा

त्याला नावाने ओळखत असाल तर नमस्कार करा, परीक्षेचे विचारा, आणि त्याला जाऊ द्या. विषय पुन्हा काढायचा असेल तर तो त्यानेच काढावा. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जे विचारतील त्यांना उत्तर द्यायला सिद्ध असा म्हटले आहे, आणि ते सौम्यतेने द्या असेही तिथेच म्हटले आहे. गटातल्या प्रत्येकाने ते वचन पाठ करून मगच पहिल्या शनिवारी बाहेर पडावे. तारीख ठरली की मला कळवा. नाक्यावर मी तुमच्याबरोबर उभा राहीन.