उशिरा बोलणारी मुलं : आपापले अनुभव लिहा

सायली_ठाणे
काल सोसायटीत हळदीकुंकू होतं, तिथे एक दोन वर्षांचा छोकरा आईचं बोट धरून तिला सारखा फ्रीजकडे ओढत होता, तोंडाने नुसतं अं अं. आणि आजूबाजूला तेच ते, "मुलगे उशिराच बोलतात गं", "याचे बाबा कधी बोलले विचार सासूबाईंना". एकीने तर वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगितलं. त्या पोरीचा चेहरा बघून मला माझेच ते दिवस आठवले. आमचा लेक दोन वर्षांचा झाला तरी आई, बाबा, भुर्र आणि पाण्याला पापा, संपली डिक्शनरी. डॉक्टरांनी आधी कान तपासायला सांगितले तेव्हा सासरे चिडलेच, बेल वाजली की दाराकडे पळतो की हा! पण टिम्पॅनोमेट्री (कानाच्या पडद्याची तपासणी) केली तर दोन्ही पडद्यांच्या मागे पाणी साठलेलं. म्हणजे बेल, कुकर सगळं ऐकू यायचं पण बोलण्यातले बारीक आवाज अस्पष्ट. मग ग्रोमेटचं (पडद्यात बारीक नळी बसवतात ते) छोटंसं ऑपरेशन, त्यानंतर स्पीच थेरपी. तुमच्याकडे कसं झालं, काय उपयोगी पडलं, लिहा ना.

मीनू७
वेखंड अजून चालू आहे का लोकांचं!! आमच्याकडे मध चाटवायचा कार्यक्रम होता. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका हां कोणी, बोट्युलिझमचा धोका असतो. बाकीचं नंतर, कुकर झाला.

रानपाखरू
आमच्या थेरपिस्टबाईंनी पहिल्यांदा काय सांगितलं तर प्रश्न बंद. हे काय, ते काय, काकांना म्हणून दाखव, सगळं बंद. तो ज्याच्याकडे बघतोय त्याबद्दल आपण एक छोटं वाक्य बोलायचं आणि गप्प बसायचं, मनात दहा आकडे म्हणायचे. हे गप्प बसणं फार अवघड आहे हो, आमच्या घरात तर कोणी दोन सेकंद थांबत नाही. तो गाडी म्हणाला की आपण लाल गाडी, गाडी गेली, असा एकच शब्द वाढवायचा, त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायचं नाही. साबणाच्या फुग्यांच्या बाटलीचं झाकण घट्ट लावून हातात द्यायची म्हणजे त्याला मदत मागावीच लागते. आणि नुसतं "दूध हवं?" विचारलं तर मान हलवून काम भागतं, म्हणून "दूध की पाणी?" असं विचारायचं. सगळ्यात जास्त शब्द आले ते मटार सोलताना. उघड, पडला, अजून, संपला. खेळण्यांवर केलेला खर्च वाया.

चहाटळ
माझ्या भावाचा पहिला स्पष्ट शब्द "रिक्षा". आई अजून नाराज आहे.

निशिगंधा
@रानपाखरू मटार करंजी करता का तुम्ही? माझ्या फुटतात.

इझार_काठची
म्युनिकहून. घरी मी मराठी, नवरा तेलुगू, पाळणाघरात जर्मन. इथे दोन वर्षांच्या आसपास यू-सेव्हन नावाची तपासणी असते, तिथे शब्दांबद्दल विचारतात. मी मराठीतले मोजत होते, डॉक्टर म्हणाली तिन्ही भाषांतले मिळून मोज, भूभू आणि माऊ पण धर. साधारण दोन वर्षांना पन्नासेक शब्द आणि दोन शब्द जोडता येणं (मम्मं दे, बाबा गेला) असं बघतात. इकडे तपासणी चालू आणि तिकडे पुण्याहून फोनवर फोन, घरात एकच इंग्रजी बोला, पोर गोंधळलंय. दोन-तीन भाषांमुळे मुलं मुकी राहत नाहीत हो! माझ्या आईला इंग्रजीत गोष्ट सांगता येत नाही, मग आजी बोलणार काय त्याच्याशी?

दत्ता_सांगली
मोबाईल काढून घ्या, सगळी पोरं बोलतील.

मीनू७
@दत्ता मोबाईल कमी करायचाच, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको असं बालरोगतज्ज्ञही सांगतात. आमच्या भाचीला एबीसीडी पाठ होती आणि पाणी मागता येत नव्हतं. पण ज्या घरात दिवसभर आई एकटी, नवरा रात्री नऊला येणार, तिथे तिला हे असं एका ओळीत ऐकवू नका. आणि आजोबांच्या हातातला मोबाईल कोण काढून घेणार ते पण सांगा.

अबोली
थोडं वेगळं लिहिते. आमची लेक बोट दाखवायची नाही, हाक मारली तर बघायची नाही, पण टीव्हीवर ठरावीक जाहिरात लागली की आतल्या खोलीतून धावत यायची. सगळे म्हणाले थांबा, बोलेल. मी थांबले नाही. एम-चॅट नावाची प्रश्नावली असते, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, ती भरली, पुढच्या तपासण्यांत ऑटिझम निघाला. आता चित्रांची कार्डं वापरते. कार्डांमुळे बोलायचा आळस येईल असं नातेवाईक सांगत होते, तसं होत नाही. भूक लागली की पोळीचं कार्ड आणून देते आणि हल्ली सोबत "पो" म्हणते. निदान झालं त्याचं दुःख झालंच, पण रडारड, डोकं आपटणं किती कमी झालं हे घरातल्यांनाच माहीत.

सायली_ठाणे
अबोली, मिठी गं. लिहिलंस ते फार बरं केलंस.

चहाटळ
"पो" साठी टाळ्या!

जामखेडकर
आमच्याकडे तालुक्याला थेरपिस्ट नाही. पुतण्या अडीच वर्षांचा आहे, काय करावं

रानपाखरू
अंगणवाडीत आरबीएसकेचे (मुलांच्या तपासणीची सरकारी योजना) डॉक्टर तपासायला येतात, सेविकेला तारीख विचारून ठेवा. त्यांच्याकडून जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करतात तिथे) पाठवतात, मोफत असतं. मुंबईला येणं होत असेल तर वांद्रे रिक्लेमेशनला अली यावर जंग संस्था, तिथे कान आणि बोलणं दोन्ही बघतात. @निशिगंधा सारण गार झाल्यावर भरा, गरम भरलं की फुटतात.

जामखेडकर
धन्यवाद ताई. बेरा (ऐकू येतं का ते बघायची तपासणी) करायची झाली तर पोराला दुखतं का? वहिनी घाबरलीय

मीनू७
नाही हो, झोपेत करतात, डोक्याला चिकटपट्ट्या आणि कानात आवाज, बास. आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, रस्त्यात डुलकी काढू देऊ नका. झोपेचं औषध देणार असतील तर दूध-खाणं कधी बंद करायचं ते आधी विचारून घ्या. आमच्याकडे एवढं सगळं करून पोर टक्क जागं आणि याचे बाबा बाकावर घोरत होते.