प्रतापनगर–डभोई मेमूने रोज जाणारं कुणी आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यापासून मला रोज सकाळी नऊच्या आत डभोईला पोचायचं आहे. घर दांडिया बाजारात, म्हणून बडोद्याच्या मोठ्या स्टेशनापेक्षा प्रतापनगरच सोयीचं. एकतानगरला (केवडियाला) जाणारी मेमू डभोईला थांबते आणि मासिक पास १५० किलोमीटरपर्यंत मिळतो, एवढं ठाऊक आहे. ॲपवर वेळा पाहिल्या, रेल्वे चौकशीच्या १३९ वरही विचारलं. पण खरी वेळ रोज जाणाऱ्यालाच माहीत. एसटीने दोनदा जाऊन आले, पाठदुखीमुळे रोज झेपणार नाही. दुचाकी चालवत नाही.

सकाळची गाडी डभोईला प्रत्यक्षात किती वाजता लागते? प्रतापनगरला बसायला जागा मिळते का? आणि मुख्य म्हणजे, संध्याकाळी सहानंतरची परतीची गाडी चुकली तर तुम्ही कसे येता?