खाकीतला छंद: नाशिककरांनो, अनुभव लिहा

पोलीस प्रशिक्षण १९०९ पासून आपल्या नाशकात चालतं. राज्यातले फौजदार इथेच घडतात. बंदोबस्त, पंचनामे, रात्रगस्त यांवर बोलणं होतंच. इथे वर्दीतल्या माणसाच्या कलेविषयी लिहू, आणि त्या कलेनं लोकांशी जुळलेल्या नात्याविषयी. पोलीस, घरचे, शेजारी, सगळेच या.

निवृत्त सहायक फौजदार, पंचवटी
नोकरीभर जलरंग केले. २०१५च्या सिंहस्थात रामकुंडावर बंदोबस्ताला होतो. गर्दी कुठून फुगते हे बघता बघता नारोशंकराच्या देवळावरचं ऊन कसं सरकतं तेही पाठ झालं. सुट्टीच्या सकाळी दुतोंड्या मारुतीसमोर कागद घेऊन बसायचो. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, एका दमात द्यावा लागतो. मध्येच ठाण्यातून फोन आला की रंगाची कड वाळून बसते, चित्र गेलंच. अशी कितीतरी गेली. पण मी बसलेला दिसलो की फुलवाल्या मावश्या येऊन टेकायच्या. चौकीची पायरी न चढणाऱ्या बायका या. कोणाचं पोरगं नशेला लागलंय, कोणाचा नवरा मारतोय, हे मला हातात ब्रश असतानाच कळलं. मग पुढचं वर्दीत जाऊन निस्तरायचो.

हवालदाराची मुलगी
पप्पांचा तबला. रात्रपाळीहून आले की पहाटे उशीवर बोल वाजवायचे, पोलीस लाइनीतल्या शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून. साप्ताहिक सुट्टी मिळालीच तर लाइनीतल्या मुलांची शिकवणी. मला तेव्हा राग यायचा, आजही थोडा येतो. आमच्या वाट्याला ते फार कमी आले.

महिला अंमलदार, सिडको
आम्ही ऑनलाइन फसवणुकीवर पथनाट्य करतो. मी तोतया अधिकारी बनते आणि फोनवर दम देते, "तुम्हाला डिजिटल अरेस्ट झालीय!" कायद्यात असलं काही नाहीच, हे शेवटी खऱ्या वर्दीत सांगतो आणि अशा फसवणुकीची तक्रार करायचा १९३० हा नंबर प्रेक्षकांकडून मोठ्यानं म्हणवून घेतो. एका गणेश मंडळापुढे प्रयोग संपल्यावर एक आजोबा मागे थांबले. पैसे त्याच दुपारी गेले होते, मुलाला सांगायची लाज वाटत होती. तिथूनच फोन लावला. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवता येण्याची आशा जास्त. म्हणून तालमीला कितीही थकलेली असले तरी जाते.

पंचवटीचे साहेब, नाटकामागे धरायला एक कापडी फलक रंगवून द्याल का?

निवृत्त सहायक फौजदार, पंचवटी
देतो ना, ताई. मांजरपाट आणा, आधी धुऊन खळ काढलेला. आणि १९३० मोठ्या आकड्यांत, मागच्या रांगेतून वाचता येईल असा लिहू.