केल्मिस: दोन भाषा गावानं जपल्या की जस्तानं?

आखेनचा_पाहुणा: कामानिमित्त जर्मनीत आखेनला असतो. हद्द ओलांडून बेल्जियममध्ये शिरलं की पाटी दिसते: केल्मिस, ला कालामिन. एक नाव जर्मन, एक फ्रेंच, आणि दोन्ही एकाच खनिजावरून! घामोळ्यांवर लावतो ते कॅलामाइन. इथल्या जस्ताच्या खाणीवरून प्रशिया आणि नेदरलँड्सचं जमेना, म्हणून १८१६ साली सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा दोघांनी तटस्थ ठेवला, न्यूट्रल मोरेस्ने. वस्ती अडीचशेच्या आसपास. १९२० साली तो बेल्जियमकडे गेला. आज गाव जर्मनभाषक समुदायात आहे, तरी फ्रेंच बोलणाऱ्याला पालिकेचं काम फ्रेंचमध्ये करून मिळतं. बेळगाव-निपाणीकडे हे का जमू नये?

निपाणीकर: भाऊ, भाबडेपणा सोडा. दोन सरकारांना खाण हवी होती, त्या ओढाताणीत गाव मधल्यामध्ये वाचलं. यात भाषाप्रेम कुठून आलं? सवलत आहे ती कायद्यात लिहिलीय म्हणून. आमच्याकडे एका कचेरीतून वडिलांचा मराठी अर्ज तसाच परत आला होता.

रेवा_पु: नुसती खाणच म्हणता, तर खनिज संपलं १८८५ ला. आणि १९०८ मध्ये तिथले डॉक्टर मोली एस्पेरांतोचं, म्हणजे सगळ्या जगासाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेचं, राज्य करायला निघाले! नावही ठरलं होतं, अमिकेयो, म्हणजे मैत्रीची जागा. याला काय म्हणाल?

निपाणीकर: धडपड म्हणेन. याच मोलींनी १८८६ मध्ये गावाची स्वतःची टपाल तिकिटं काढून पाहिली, तीही बंद पडली. खाण गेल्यावर तटस्थ राहायला काहीतरी निमित्त हवं होतंच की.

आखेनचा_पाहुणा: निमित्त का असेना, काहीतरी उरलं ना? खाणीच्या जुन्या जागेवर पिवळी रानव्हायोलेट फुलतात, गुडघ्यावर बसून बघावी लागतात इतकी बारकी.

निपाणीकर: ती फुलतात कारण त्या मातीत जस्त भरलेलं आहे, बाकीच्या झाडांना ते सोसत नाही. शेजारी कोणी नाही म्हणून सुखात आहेत. आमच्याकडे शेजार दाट आहे.

रेवा_पु: बरं, वडिलांच्या अर्जाचं पुढे काय झालं?

निपाणीकर: कन्नडमध्ये लिहून दिला. मीच लिहिला, शाळेत शिकलोय ना. साहेबांनी वाचला आणि मराठीतच विचारलं, "चहा घेणार का?"